नलगोंड्याचे गोड पाणी



मोसंबी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जालना, अंबड, पैठण हा मुलूख उभा राहतो. पण मोसंबीचे आणखी एक मोठे आगर शेजारच्या तेलंगणात आहे. ते म्हणजे नलगोंडा जिल्हा. तिकडे मोसंबीला 'बत्तायी' म्हणतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील काही बागायतदार मंडळींबरोबर तिकडे जाण्याचा योग आला. बागा पाहिल्या, छाटणी पाहिली, डिंक्या रोगावरचे त्यांचे उपाय ऐकले. त्याविषयी पुढे कधी तरी सवडीने लिहीन. आज लिहायचे आहे ते तिथल्या पाण्याविषयी. ज्या पाण्यावर ती बाग हिरवीगार उभी आहे, त्याच पाण्याने त्या मुलखातल्या दोन-तीन पिढ्यांची हाडे वाकवली. आणि ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही.

दगडांचा मुलूख

हैदराबादहून विजयवाड्याच्या हमरस्त्याने निघाले की शहर मागे पडताच दगड सुरू होतात. घरासारखे मोठाले, गुळगुळीत, एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे धोंडे. आपल्याकडच्या काळ्या कातळाहून हा दगड वेगळा. कुठे करडा, कुठे गुलाबी. नलगोंडा हे नावच 'नल्ला' म्हणजे काळा आणि 'कोंडा' म्हणजे डोंगर, यावरून पडले असे सांगतात. जमीन लाल, रेताड. तिकडचे शेतकरी तिला 'चल्का' म्हणतात. कपाशी, तूर, एरंडी ही तिथली कोरडवाहू पिके. मधून मधून ताडाची उंच झाडे आणि जुने तलाव. तलावाखाली भाताची खाचरे.

हा मुलूख आपल्या मराठवाड्याला परका नाही. १९४८ पर्यंत दोघेही निजामाच्या राजवटीत होते आणि १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात. आमच्यातल्या वयस्क मंडळींना तिथली दख्खनी हिंदी सहज समजली आणि यजमानांशी सूर लगेच जुळला.

चौटुप्पलला हमरस्ता सोडून दक्षिणेकडे वळले की मुनुगोडे, चंडूर, मर्रीगुडा ही गावे लागतात. हा जिल्ह्यातला उंचवट्याचा, कोरडा भाग. पूर्वी इथे तलाव आणि उथळ विहिरी यांवर माणसे जगत. पाऊस दगा देऊ लागला, तलाव गाळाने भरले, विहिरी आटल्या, तेव्हा जागोजाग बोअर घेतले गेले. दोनशे फूट, चारशे फूट, पुढे त्याहूनही खोल. पाणी लागले. बागा उभ्या राहिल्या. त्याच पाण्याच्या घागरी घरात आल्या.

लेक कोण आणि सून कोण

आमचे यजमान पन्नाशीचे, आठ एकर बत्तायीचे मालक. ओसरीवर त्यांचे वडील बसलेले होते. त्यांना सारे 'तातय्या' म्हणत. पाठ कमानीसारखी वाकलेली. मान वळत नव्हती. कोणी बाजूने हाक मारली तर ते सगळे अंगच फिरवून पाहत. आमच्यातल्या एकाने विचारले, "वय झालं म्हणून का हो?"

"नाही, भाऊ," यजमान म्हणाले. "ते चाळिशीतच असे झाले. गावात त्यांच्या वयाचे असे पुष्कळ होते."

"आणि पाण्याचा संशय कुणाला आला नाही?"

"पाणी काचेसारखं होतं. चवीला गोड. डाळ लवकर शिजायची, साबणाला भरपूर फेस यायचा. अशा पाण्याला कोण नावं ठेवील?"

बंधूंनो, इथेच खरी फसगत आहे. गढूळ पाणी आपण गाळतो. खारे पाणी थुंकून टाकतो. वास येणारे पाणी जनावरही पीत नाही. पण फ्लोराइडला ना रंग, ना वास, ना चव. उलट ज्या पाण्यात चुन्याचा अंश कमी आणि सोड्याचा अंश जास्त, अशा मऊ पाण्यातच खडकातले फ्लोराइड अधिक विरघळते. म्हणजे गृहिणी ज्या पाण्याला 'गोड' म्हणते, त्यातच ते दडून बसण्याचा संभव जास्त.

आमच्याबरोबर आलेल्या एका काकूंनी घरातल्या बायकांशी गप्पा मांडल्या. त्यांना तेलुगू येत नाही आणि त्या बायकांना मराठी येत नाही. पण बायकांचे कुठे काही अडते का? परत येताना काकूंनी सांगितले ते आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या ध्यानात आले नव्हते. त्या म्हणाल्या, "या गावात बाई हसली की कळतं, ती इथली लेक आहे की सून. लेकीचे दात पिवळे-तपकिरी, आडव्या पट्ट्यांचे. सुनेचे पांढरे. म्हणून लेकी तोंडावर पदर घेऊन हसतात."

काकूंचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. दातावरचे कवच लहानपणी, साधारण आठ वर्षांच्या आत घडते. त्या वयात पाण्यातून फ्लोराइड जास्त गेले तर कवच कच्चे घडते. आधी खडूसारखे पांढरे ठिपके आणि रेघा, मग पिवळेपणा, मग तपकिरी डाग. डाग दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात आणि कितीही घासले तरी जात नाहीत. सून दुसऱ्या गावी वाढली, तिचे दात तिथल्या पाण्यावर घडले, म्हणून ते पांढरे राहिले. पण हाडे मात्र सासरचे पाणी पीतच होती. त्या घरातली थोरली सून मिर्यालगुड्याच्या कालव्याच्या भागातून आलेली. दात शुभ्र, पण तिशी ओलांडताच गुडघे आणि कंबर धरली.

डागाळलेल्या दातांपायी मुलींची लग्ने अडत. शेजारच्या गावात 'त्या पाण्याची मुलगी' म्हटले की बोलणी थांबत. दोष पाण्याचा, शिक्षा लेकीला.

आधी बैलांनी सांगितले

हा रोग आपल्या देशात कसा उघडकीस आला, तेही शेतकऱ्याने ऐकण्यासारखे आहे. १९३० नंतरच्या दशकात त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शेतकऱ्यांना दिसले की बैल औताला चालेनासे झाले आहेत, त्यांचे सांधे आखडले आहेत. माणसांतही तेच होते. १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी हा पाण्यातल्या फ्लोराइडचा रोग असल्याचे प्रसिद्ध केले. याला 'फ्लोरोसिस' म्हणतात. नलगोंड्याच्या रोग्यांविषयी डॉ. सिद्दीकी यांचा लेख १९५५ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी फ्लोराइडच्या पट्ट्यातील मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये गुडघे आत वळून पाय वाकडे होण्याचा प्रकार जगापुढे मांडला.

मूल वाढते तेव्हा त्याचे हाड भराभर घडत असते. घडते हाड पाण्यातले फ्लोराइड मोठ्या माणसाच्या हाडापेक्षा जास्त ओढून घेते. पोटात दूध-दुभते नसेल, चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे अन्न कमी पडत असेल, तर हानी अधिक. म्हणून एकाच बोअरचे पाणी पिणाऱ्या दोन घरांत गरिबाचे मूल आधी वाकते. आणि एकदा हाड वाकले की ते पूर्ववत करणारे औषध अजून निघालेले नाही. पाणी बदलणे हाच उपाय, आणि तोही वेळेवर.

उशाशी कृष्णा, घशाला कोरड

या जिल्ह्याच्या दक्षिण कडेला कृष्णामाई वाहते. तिच्यावरील नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाली आणि १९६७ मध्ये त्याच्या कालव्यांना पाणी सुटले. डाव्या कालव्याखाली मिर्यालगुड्याकडचा भाग भाताने हिरवा झाला. पण मुनुगोडे-मर्रीगुड्याची उंचावरची गावे कोरडीच राहिली. पुढे कृष्णेचे पाणी उपसून मोठ्या नळांनी हैदराबाद शहराला नेण्यात आले. ते नळ याच जिल्ह्यातून गेले. शहराकडे जाणारे पाणी आपल्या शिवारातून जाताना पाहायचे आणि लेकरांना मात्र बोअरचे पाजायचे, हे दुःख या गावांनी सोसले.

मग माणसे उठली. दुशर्ला सत्यनारायण यांच्या जलसाधना समितीने गावोगाव आंदोलन उभारले. २००३ मध्ये शिवन्नागुडेम गावच्या अंशाला स्वामी या, फ्लोराइडने हातपाय वाकलेल्या मुलाला दिल्लीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यापुढे नेण्यात आले. कागदावरच्या आकड्यांनी जे झाले नाही, ते त्या एका मुलाच्या देहाने सांगितले. हाच स्वामी पुढे या दुखण्याचा चेहरा झाला. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे निधन झाले.

२०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि 'मिशन भगीरथ' ही घरोघर नळाने नदीचे पाणी देण्याची योजना हाती घेतली गेली. तिचा पहिला स्तंभ २०१५ मध्ये याच भागात, चौटुप्पलला उभारला गेला. २०१६ पासून पाणी गावोगाव पोहोचू लागले. आमच्या यजमानांच्या घरी तीन पिढ्या एका ओसरीवर पाहायला मिळाल्या. वाकलेले तातय्या, डागाळलेल्या दातांचे यजमान आणि नळाच्या पाण्यावर वाढलेला सात वर्षांचा नातू. नातवाचे नुकतेच आलेले पुढचे दात पांढरेशुभ्र होते. यजमानांनी त्याला मुद्दाम 'ई' करून हसायला लावले. बत्तायीचा बाग दाखवतानाही त्यांच्या तोंडावर एवढा अभिमान मी पाहिला नव्हता.

नागपूरची विद्या

नलगोंड्याचे नाव पाण्याच्या शास्त्रात जगभर पोहोचले ते मात्र आपल्या नागपूरमुळे. तिथल्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने १९७० नंतरच्या दशकात पाण्यातले फ्लोराइड काढण्याची एक सोपी रीत बसवली. तिला नावच 'नलगोंडा पद्धत' असे पडले. पाण्यात ठरावीक चुना आणि तुरटी घालायची, चांगले ढवळायचे, मग संथ ठेवायचे. साका खाली बसतो, त्याच्याबरोबर बरेचसे फ्लोराइडही बसते. वरचे पाणी अलगद काढून घ्यायचे. बादलीपासून गावच्या टाकीपर्यंत ही रीत चालते.

पण चुना-तुरटीचे प्रमाण पाण्यागणिक बदलते. ते प्रयोगशाळेने ठरवून द्यावे लागते. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर तुरटीचा अंश पाण्यात उरतो. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, तेवढ्याने फ्लोराइड जात नाही. शिवाय हे काम रोजचे, आणि साका दूर नेऊन टाकण्याचेही. म्हणून जिथे चांगले पाणी आणता येते, तिथे ते आणणेच बरे. नाहीच आणता आले, तर ही रीत किंवा फ्लोराइड काढणारे खास फिल्टर.

बागेच्या पाण्याचा कागद

आता मूळ मुद्द्यावर येतो. बागेत फिरताना आमच्यातल्या एकाने यजमानांना विचारले, "या बोअरचं पाणी तपासलंय का?" त्यांनी लगेच कागद आणून दाखवला. सामू, क्षारता, सोडियम, सगळे लिहिलेले. शेवटी शेरा: 'ओलितास योग्य.' त्यात फ्लोराइडचा रकाना नव्हता. बागेच्या कडेला मजुरांची दोन खोपटी होती. गावात नळ आला होता, पण खोपटात नव्हता. एक पोरगे बोअरच्या नळीला तोंड लावून पाणी पीत होते.

यजमानांच्याही ते लक्षात आले. म्हणाले, "उद्यापासून गावातून दोन कॅन भरून इथे ठेवतो."

शेतकरी बंधूंनो, तीस वर्षे मी माती-पाण्याचे नमुने पाहत आलो. शेतकरी झाडासाठी पाणी तपासून घेतो, ही चांगली गोष्ट. पण त्या तपासणीत पिण्याचा विचार नसतो. 'ओलितास योग्य' म्हणजे 'लेकरास योग्य' नव्हे. आज आपल्याकडेही कितीतरी कुटुंबे गाव सोडून मळ्यात, वस्तीवर राहतात. सालगडी राहतात, ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. गावच्या योजनेचे पाणी तपासले जाते, वस्तीवरच्या बोअरचे कोण तपासणार? ते आपणच तपासून घ्यायचे.

महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत फ्लोराइडची गावे आहेत. केळापूर आणि किनवट तालुक्यांची नावे यात वारंवार येतात. किनवटकडे आपला काळा कातळ संपून ग्रॅनाइटसारखे जुने खडक लागतात. पण इतर भागांनी निश्चिंत राहू नये. खाली कोणता खडक आहे, हे वरून कळत नाही. एका बोअरचे पाणी चांगले आणि बांधापलीकडच्या बोअरचे वाईट, असेही होते.

एवढे करा

आपल्या देशाच्या प्रमाणाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरे पाणी नसेलच तर फार तर १.५. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत दीड ग्रॅम, चिमूटभर! इतक्या थोड्यावर लेकराच्या हाडाचे भवितव्य ठरते.

नमुना घेताना पंप पाच-दहा मिनिटे चालू द्या. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. बाटलीवर नाव, गाव, गट नंबर आणि तारीख लिहा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक किंवा ग्रामसेवक यांना विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी प्रयोगशाळेत तपासणी होते. 'फ्लोराइड तपासा' असे आवर्जून सांगा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, असे दोनदा तपासलेले उत्तम.

फ्लोराइड जास्त निघाले तर त्या पाण्याने खुशाल ओलित करा, अंघोळ करा, भांडी घासा. पिण्याला आणि स्वयंपाकाला मात्र दुसरे पाणी आणा. उथळ विहिरीत ते बहुधा कमी असते. तेही तपासून घ्या. पत्र्यावरचे पावसाचे पाणी नीट साठवले तर त्यात खडकातले फ्लोराइड नसते. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. टीसीएल पावडरने जंतू मरतात, फ्लोराइड नाही.

मायबहिणींनो, तान्ह्या बाळाला अंगावर पाजा. आईच्या दुधात फ्लोराइड फारच थोडे उतरते, आई तसले पाणी पीत असली तरी. पण डब्याची पावडर त्या पाण्यात कालवली तर सगळे फ्लोराइड बाळाच्याच पोटात जाते. वाढत्या मुलांना दूध, ताक, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, पालेभाजी द्या. आवळा, पेरू, लिंबू द्या. कोरा चहा मुलांना देऊ नका, चहाच्या पानातही फ्लोराइड असते.

टूथपेस्टचेही सांगतो, कारण आता ती खेड्यात घरोघर आहे. बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड घातलेले असते. दात घासून थुंकण्यासाठी ती ठीक आहे, पण गोड लागते म्हणून मुले ती चाटतात, गिळतात. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. ट्यूब फळीवर ठेवा. मुलाने बरीच पेस्ट खाल्ली, पोट दुखू लागले, उलटी झाली, तर दूध पाजा आणि ट्यूब बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. जिथे पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलांना कोणती पेस्ट द्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि गोठ्यासाठी एक शब्द. खताच्या प्रतीचे रॉक फॉस्फेट स्वस्त मिळते म्हणून कोणी जनावराच्या आंबोणात मिसळू नये. त्यात फ्लोराइड असते. खास जनावरांसाठी तयार केलेले खनिज मिश्रणच वापरावे.

शेवटी, आपल्या शाळेतल्या मुलांचे दात एकदा उजेडात पाहा. एकाच वस्तीवरच्या दोन-चार मुलांच्या पुढच्या दातांवर आडव्या पांढऱ्या किंवा तपकिरी रेघा दिसल्या, तर मुलांना 'दात घासत नाही' म्हणून रागावू नका. त्या वस्तीच्या बोअरवर जा आणि बाटली भरून घ्या. नलगोंड्याच्या लोकांना पाणी बदलून मिळायला कित्येक दशके वाट पाहावी लागली. आपल्याला रोग ठाऊक आहे, तपासणी हाताशी आहे. आता वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.